स्टँडर्ड की आयटमाइझ्ड? अमेरिकेतला रिटर्न भरण्याआधीचा हिशेब

भारतातून नव्याने आलेल्यांचा गोंधळ होतो तो इथे. तिकडे जुन्या करप्रणालीत पगारदाराला ५० हजारांची स्टँडर्ड डिडक्शन मिळते आणि वर ८० सीची वजावटही. अमेरिकेच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) रिटर्नमध्ये असं दोन्हीकडून घेता येत नाही. एकतर सरकारने ठरवलेली ठोक रक्कम वजा करायची (स्टँडर्ड), नाहीतर शेड्यूल ए हा फॉर्म भरून एकेक खर्च मांडायचा (आयटमाइझ्ड). (४०१ के या निवृत्ती खात्यात पगारातून टाकलेले पैसे या वादात येतच नाहीत, ते आधीच बाजूला निघालेले असतात.)

२०२५ सालासाठी ठोक रक्कम एकट्या माणसाला १५,७५० डॉलर आणि नवरा-बायकोच्या एकत्रित रिटर्नला ३१,५०० डॉलर आहे. २०२६ साठी हेच आकडे १६,१०० आणि ३२,२००. ना पावत्या, ना कटकट. भाड्याने राहणाऱ्या बहुतेकांनी हीच घ्यावी. अपवाद कॅलिफोर्नियासारख्या राज्यातल्या घसघशीत पगाराच्या एकट्या माणसाचा. राज्याचा आयकर शेड्यूल एमध्ये मांडता येतो, आणि त्याचा तो एकटाच १५,७५०च्या वर जाऊ शकतो.

खरा प्रश्न घरकर्ज असलेल्यांचा, आणि तो २०२५पासून पुन्हा जिवंत झालाय. २०१८ ते २०२४ या काळात राज्याचा आयकर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून १०,००० डॉलरच्या वर दाखवता येत नव्हते. न्यू जर्सीत कित्येक घरांचा नुसता प्रॉपर्टी टॅक्सच तेवढा येतो. त्यामुळे अनेकांनी शेड्यूल एकडे बघणंच सोडून दिलं. २०२५ साठी ही मर्यादा ४०,००० झाली आहे. पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ती घटत जाते, आणि २०३० साली ती परत १०,०००वर येणार आहे.

न्यू जर्सीतलं एक जोडपं धरा. प्रॉपर्टी टॅक्स १२,०००, राज्याचा आयकर ८,०००, घरकर्जाचं व्याज १४,०००, देणग्या १,५००. २०२४च्या नियमाने यातले २५,५०० धरले जायचे आणि तेव्हाची ठोक रक्कम होती २९,२००, म्हणजे विषय संपला. २०२५ला बेरीज होते ३५,५००. आता शेड्यूल ए फायद्याचं, पण ‘साडेपस्तीस हजारांची सूट मिळाली’ असं म्हणण्यात अर्थ नाही. ३१,५०० तर काहीही न करता मिळणारच होते. कमाई वरच्या ४,०००ची, २२ टक्क्यांच्या टप्प्यात ८८० डॉलर. ‘व्याजावर कर वाचतो’ म्हणून मोठं कर्ज घ्यायला लावणाऱ्या एजंटपुढे हाच हिशेब ठेवावा.

बाकीच्या खर्चांचा भरवसा कमी. दवाखान्याची बिलं समायोजित उत्पन्नाच्या (एजीआय, म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नाच्या) साडेसात टक्क्यांवर गेली तरच वरचा भाग मोजतात. निरोगी घरात ते होत नाही. गावच्या देवस्थानाला किंवा शाळेला थेट पाठवलेले पैसे कितीही पुण्याचे असले तरी इथे चालत नाहीत, संस्था अमेरिकेतली पात्र संस्थाच लागते. पुण्यातल्या फ्लॅटचं मात्र बघण्यासारखं आहे. तो भाड्याने न देता स्वतःच्या वापराचं दुसरं घर म्हणून ठेवला असेल आणि कर्ज त्याच फ्लॅटवर तारण असेल, तर व्याज मांडता येतं. दोन्ही घरांचं मिळून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावरचं. महापालिकेचा मिळकतकर मात्र नाही.

नवरा-बायको वेगवेगळे रिटर्न भरत असतील तर एकाने शेड्यूल ए निवडलं की दुसऱ्यालाही तेच करावं लागतं. दुसऱ्याकडे दाखवायला काही नसलं तरी.

अनिवासी म्हणून १०४०-एनआर भरणाऱ्यांना स्टँडर्ड डिडक्शन नसते. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना मात्र मिळते, आणि इतर देशांच्या वर्गमित्रांचं बघून ती सोडू नये. वर्षाच्या मध्यात एच-१बीवर येऊन ड्युअल स्टेटस (वर्षाचा काही भाग अनिवासी, काही निवासी) रिटर्न भरणाऱ्यालाही स्टँडर्ड डिडक्शन नाही.

राज्याच्या रिटर्नचा हिशेब वेगळा. कॅलिफोर्नियात फेडरलला ठोक रक्कम घेऊनही राज्याला एकेक खर्च मांडता येतो, आणि तिथली ठोक रक्कम २०२४ला एकट्याला जेमतेम ५,५४० होती. तेव्हा बँकेकडून आलेला व्याजाचा १०९८ फॉर्म फेडरलला उपयोगी पडला नाही तरी फेकू नका.