मालिकेची वेळ आम्ही ठरवू लागलो: रेकॉर्डिंग बॉक्स आणि ओटीटी, काही महिन्यांच्या वापरानंतर

२०२४ च्या दिवाळीत आमच्या चिपळूणच्या घरी फायबरची इंटरनेट जोडणी आणि त्यापाठोपाठ अँड्रॉइड टीव्ही आला. त्याआधी बरीच वर्षे आमच्याकडे छपरावरची छत्री आणि हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डिंगचा सेट-टॉप बॉक्स होता. नवा टीव्ही आल्यावर आम्ही जुना बॉक्स काढून टाकला नाही. त्यामुळे ठरलेल्या वेळेचे थेट प्रक्षेपण, स्वतः केलेले रेकॉर्डिंग आणि इंटरनेटवरच्या अॅपमधून हवे तेव्हा पाहता येणारे ओटीटी या तिन्ही पद्धती एकाच घरात, एकाच पडद्यावर रोज वापरून पाहता आल्या. त्या वापरावरून माझे जे मत बनले, ते येथे मांडते आहे.

मी रुग्णालयात परिचारिका आहे. आठवड्यागणिक पाळी बदलते आणि दुपारची पाळी असेल तर घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ-दहा होतात. मराठी वाहिन्यांच्या महत्त्वाच्या मालिका संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा या वेळेत असतात, त्यामुळे नोकरी लागल्यापासून मला सलग मालिका अशी पाहताच आली नव्हती. भारतात घरगुती रेकॉर्डिंगची सोय असलेले डीटीएच (उपग्रहावरून छत्रीद्वारे थेट घरी येणारे प्रक्षेपण) बॉक्स साधारण २००८ पासून, म्हणजे टाटा स्काय प्लस आल्यापासून, सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागले. आमचा बॉक्स त्याच जातीचा. आत दोन ट्यूनर असल्यामुळे एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी पाहता येते, आणि मालिकेचा एक भाग निवडून पुढचे सर्व भाग टिपण्यास सांगितले की रोज आठवण ठेवावी लागत नाही. पाळीवरून येऊन, जेवण गरम करून, साडेदहाला आठचा भाग सुरू करता येणे ही सोय माझ्यासारख्या बाईच्या दृष्टीने किती मोठी आहे, हे ठरलेल्या वेळी घरी असणाऱ्या माणसाला कदाचित जाणवणार नाही.

या बॉक्सचा दुसरा फायदा जाहिरातींचा. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार वाहिनीला तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिरातींसाठी वापरता येतात. त्यांत दहा मिनिटे व्यावसायिक जाहिराती आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची प्रसिद्धी. अर्ध्या तासाच्या भागातली जाहिराती, मागील भागाची उजळणी आणि शेवटची 'पुढील भागात' ही झलक रिमोटने पळवली, तर हाती वीस मिनिटांच्या आसपासचा ऐवज उरतो. रविवारचा एक तासाचा महाएपिसोडही पाऊण तासात आटोपतो. रेकॉर्डिंगमध्ये पळवण्याचे बटण आपल्या हातात असते, ओटीटीच्या स्वस्त योजनेत ते नसते, आणि या दोन पद्धतींची तुलना करताना हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जाहिरातींसह असलेली योजना घेतली की जाहिरात पुढे ढकलता येत नाही, आणि तीच ती जाहिरात एका भागात अनेकदा समोर येते. ज्यांना ओटीटीकडे वळायचे आहे त्यांनी जाहिरातमुक्त योजनेची किंमत धरूनच हिशेब करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ओटीटीवर मालिका पाहण्याचा खरा परिणाम मात्र माझ्यापेक्षा सासूबाईंवर झाला. त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे आहे आणि संध्याकाळच्या दिवेलागणीनंतर त्यांचा वेळ मालिकांवरच बेतलेला असे. सातच्या मालिकेआधी कुकर उतरलेला हवा, साडेआठच्या मालिकेआधी जेवण झालेले हवे, आणि त्या वेळेत आलेल्या पाहुण्याशी बोलताना त्यांचे अर्धे लक्ष पडद्याकडे. पैसे भरलेल्या ग्राहकांना मराठी वाहिन्यांच्या अॅपवर दिवसाचा नवा भाग टीव्हीवर लागण्यापूर्वीच पाहता येतो, हे कळल्यावर त्यांनी सकाळी देवपूजा आणि चहा झाल्यावर, निवांत बसून, आदल्या रात्रीऐवजी त्या दिवसाचाच भाग पाहायला सुरुवात केली. संध्याकाळ एकदम मोकळी झाली. गेल्या उन्हाळ्यात त्या कितीतरी वर्षांनी शेजारच्या काकूंबरोबर संध्याकाळच्या वेळी देवळात जाऊ लागल्या. यंत्राच्या वापराने घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या दिवसाची मांडणी बदलते, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आणि मला तिचा मनापासून आनंद आहे.

याच सोयीने एक अडचणही निर्माण केली. माझी नणंद ठाण्याला असते आणि ती त्याच मालिका रात्री टीव्हीवर पाहते. रात्री साडेदहाला दोघींचा फोन ठरलेला, विषयही ठरलेला. आता सासूबाईंना सकाळीच सगळे ठाऊक असते. पहिल्या काही दिवसांत "अगं, तिने खरं सांगून टाकलं ना सगळ्यांसमोर" असे त्या दुपारच्या फोनवर बोलून जात आणि पलीकडून "आई, थांब, मी अजून पाहिलं नाही" असा आवाज येई. शेवटी नणंदेनेही अॅप घेतले, पण ती नोकरीमुळे दोन-तीन दिवसांचे भाग एकदम पाहते, म्हणून दोघींचे भाग जुळत नाहीत ते नाहीतच. हल्ली फोनवर आधी "कुठपर्यंत पाहिलंस" ही चौकशी होते आणि मग जेवढे दोघींनी पाहिले आहे तेवढ्यावरच बोलणे होते. एका वेळी सगळ्यांनी एकच भाग पाहणे आणि त्यावर दुसऱ्या दिवशी बोलणे, हा थेट प्रक्षेपणाचा भाग होता. तो या नव्या पद्धतीत सुटतो आणि त्याची भरपाई कोणतीही योजना करत नाही.

हाताळणीबद्दल थोडे. जुन्या रिमोटवर तीन आकडे दाबले की वाहिनी लागत असे. नव्या टीव्हीवर आधी अॅप, मग कोण पाहते आहे त्याचे खाते, मग मालिका, मग भाग अशी वाट चालावी लागते, आणि पहिल्या पानावर सासूबाईंची मालिका कधी वर, कधी तळाशी, कधी नव्या चित्रपटाच्या मोठ्या जाहिरातीखाली असते. आम्ही टीव्हीच्या मुख्य पानावर फक्त त्यांना लागणारी अॅप पुढे आणून ठेवली, बाकीची हलवली आणि रिमोटच्या मधल्या बटणावर लाल रंगाची चिकटपट्टी लावली. त्यानंतर त्या कोणाच्या मदतीशिवाय पाहू लागल्या. रिमोटमध्ये बोलून शोधण्याची सोय आहे, पण मालिकेचे मराठी नाव उच्चारल्यावर अनेकदा भलतेच हिंदी शब्द पडद्यावर उमटतात. वयस्कर माणसाने त्यावर विसंबू नये.

कोकणात राहणाऱ्यांसाठी पावसाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. डीटीएचचे प्रक्षेपण केयू बँडच्या लहरींवर येते आणि मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात, म्हणून ऐन जूनच्या सरीत पडदा काळा होऊन 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी येते. थेट पाहणारा निदान पाऊस ओसरण्याची वाट पाहतो. रेकॉर्डिंगला लावलेला भाग मात्र मधली दहा मिनिटे गमावून साठवला जातो आणि ते आपल्याला रात्री, ऐन प्रसंगात कळते. ओटीटीवर भाग पुन्हा सुरुवातीपासून मिळतो, हा त्याचा मोठा गुण. पण आमच्याकडे फायबरची तार खांबाखांबांवरून येते; झाडाची फांदी पडली की ती तुटते आणि जोडणी पूर्ववत व्हायला कधी एक, कधी तीन दिवस लागतात. त्या काळात मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवला तर एचडी दर्जाच्या चित्राला तासाला साधारण ३ जीबी लागतात, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एक भागही जेमतेम बसतो. चित्राचा दर्जा कमी करून ठेवणे हाच त्यावर उपाय. वीज गेली तर टीव्हीबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर असायला हवा, ही गोष्ट वायरिंग करतानाच इलेक्ट्रिशियनला सांगावी.

थेट पाहण्याची गरज कुठे उरली, हे २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या निकालाच्या दिवशी स्पष्ट झाले. सकाळी आठपासून मतमोजणी सुरू झाली आणि घरात, रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात, बाजारात सगळीकडे थेट बातम्याच चालू होत्या. त्या दिवशीचे रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी पाहण्यात कोणालाही रस नसतो. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर विनामूल्य थेट दिसतात, त्यामुळे बातम्यांसाठी आम्हांला छत्रीची गरज भासली नाही. क्रिकेटचे तसे नाही. इंटरनेटवरून येणारे थेट चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवले जाते आणि आपला टीव्ही चित्र अडखळू नये म्हणून त्यांतले काही तुकडे आधी साठवून मग दाखवतो. म्हणून ते छत्रीवरच्या चित्रापेक्षा बऱ्याचदा अर्धा मिनिट मागे असते. आमच्या आळीत समोरच्या घरी छत्री आहे. तिथला जल्लोष ऐकू आला की आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धाव घेत असतो. माझ्या मुलाने आयपीएलचे शेवटचे आठवडे या कारणासाठी जुन्याच बॉक्सवर पाहिले, आणि त्याचे बरोबर होते.

आयपीएलवरूनच आणखी एक गोष्ट लक्षात आली. इंटरनेटवर ही स्पर्धा २०२२ पर्यंत हॉटस्टारवर होती, २०२३ मध्ये ती जिओ सिनेमावर गेली आणि तिथे मराठी समालोचनासह विनामूल्य दिसली, मग १४ फेब्रुवारी २०२५ ला ही दोन्ही अॅप एकत्र होऊन जिओ हॉटस्टार सुरू झाले. टीव्हीवर या सगळ्या काळात ती स्टार स्पोर्ट्सवरच राहिली. म्हणजे 'हवे तेव्हा पाहा' या वचनात 'कुठे' हे दर काही वर्षांनी बदलत राहते. कार्यक्रमांचे हक्क मुदतीचे असतात. मुदत संपली की काल यादीत असलेला चित्रपट आज दिसत नाही, आणि आपण त्यासाठी भरलेले पैसे पाहण्याच्या परवानगीचे होते, ठेवण्याचे नव्हते.

ठेवण्याच्या बाबतीत रेकॉर्डिंग बॉक्स सुरक्षित असेल असे वाटणे साहजिक आहे, पण तसे नाही, आणि या परीक्षणातली माझी सगळ्यात गंभीर तक्रार हीच आहे. माझे सासरे आंबा बागायतदार होते. ते हयात असताना सह्याद्री वाहिनीवर शेतीविषयक एका कार्यक्रमात बागायतदारांच्या चर्चेत काही मिनिटे दिसले होते आणि ते आम्ही बॉक्सवर टिपून ठेवले होते. पुढे बॉक्स वारंवार बंद पडू लागला, तेव्हा कंपनीच्या तंत्रज्ञाने तो बदलून देण्याचे सांगितले आणि जुन्यातले काहीही नव्यात येणार नाही हेही सांगितले. हार्ड डिस्कवरचे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सशी बांधलेल्या कुलूपबंद स्वरूपात असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी ते उघडत नाही. तंत्रज्ञ दारात उभा असताना माझ्या पतीने खुर्चीवर पुस्तके रचून त्यावर मोबाइल टेकवला, खोलीतले दिवे मालवले आणि पडद्यावरून तेवढी मिनिटे चित्रित केली. सासऱ्यांचा आवाज स्पष्ट आला आहे, चित्रावर मात्र पडद्याच्या रेघा दिसतात. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बेटामॅक्स यंत्राच्या खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी कार्यक्रम टिपून ठेवणे वैध ठरवले. त्या काळची कॅसेट माणसाच्या कपाटात राहत असे, शेजाऱ्याला देता येत असे. त्यानंतर तंत्रज्ञान एवढे पुढे गेले, तरी ग्राहकाने स्वतःच्या घरात टिपलेली आपल्याच माणसाची काही मिनिटे त्याला बाहेर काढता येऊ नयेत, हे मला अन्यायाचे वाटते. निदान मोफत वाहिन्यांवरचे रेकॉर्डिंग तरी पेन ड्राइव्हवर उतरवू द्यायला हवे.

सार्वजनिक प्रसारणाची बाजू त्या मानाने सुधारते आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, त्यामुळे मराठी नाटके, गायन आणि मुलाखती यांचा अर्ध्या शतकाचा ठेवा तिथे तयार झाला. प्रसार भारतीने त्यांच्या संग्रहातील काही कार्यक्रम यूट्यूबवर आणले आहेत, सह्याद्रीच्या बातम्याही तिथे मिळतात, आणि २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यातील इफ्फी या चित्रपट महोत्सवात त्यांचे वेव्हज हे अॅप सुरू झाले. रात्रपाळीनंतरच्या सकाळी जुन्या मैफिली ऐकत पडून राहणे हा माझ्यासाठी या सगळ्या बदलातला सर्वांत सुखाचा भाग ठरला आहे. मराठी सामग्री तिथे अधिक वेगाने यावी, एवढीच इच्छा.

खर्चाचे गणित प्रत्येक घराचे वेगळे असेल. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या रचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर कर असे शुल्क ठरले आणि सशुल्क वाहिन्या स्वतंत्र निवडण्याची मुभा मिळाली. त्या मुभेचा उपयोग आम्ही आत्ता केला: मालिकांच्या सशुल्क वाहिन्या डीटीएचमधून काढल्या, मोफत वाहिन्या आणि क्रिकेटच्या हंगामापुरती क्रीडावाहिनी ठेवली, आणि वाचलेल्या पैशांत एका मराठी अॅपची जाहिरातमुक्त वार्षिक योजना घेतली. फायबर मुलाच्या अभ्यासासाठी हवेच होते, म्हणून ते या हिशेबात धरलेले नाही. ज्यांना केवळ टीव्हीसाठी जोडणी घ्यावी लागेल त्यांना हा बदल महाग पडेल. घरात फक्त वयस्कर माणसे असतील आणि मदतीला कोणी नसेल, तर छत्री आणि साधा बॉक्सच ठेवावा. पाळीची नोकरी असलेल्यांनी ओटीटीकडे वळायला हरकत नाही. आमचा रेकॉर्डिंग बॉक्स अजून चालू आहे, आणि तो पुन्हा बिघडला तर त्याच्या जागी नवा रेकॉर्डिंग बॉक्स न घेता साधा बॉक्स घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.