ओबीडी स्कॅनर आठ महिने वापरल्यानंतर: काय कळतं, काय कळत नाही

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष तपासून कोडच्या रूपात नोंदवून ठेवायची सोय, आणि स्कॅनर ते कोड वाचतो. इथे स्कॅनर म्हणजे दोन वस्तू. एक वायरने जोडायचा, स्वतःचा पडदा असलेला, इंजिनाबरोबर एबीएस, एअरबॅग आणि गिअरबॉक्सही वाचणारा. दुसरा ईएलएम३२७ जातीचा छोटा ब्लूटूथ डोंगल, जो फोनवरच्या ॲपबरोबर चालतो. आठ महिने दोन्ही पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवर वापरात आहेत.

बहुतेक जण स्कॅनर घेतात ते कोणता पार्ट गेलाय हे पडद्यावर लिहून येईल म्हणून. तसं येत नाही. पी०१७१ (हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण पातळ झाल्याचा कोड) आला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलणारे खूप आहेत. खरं तर बहुतेक वेळा तो सेन्सर नीट चालतोय म्हणूनच मिश्रण पातळ झाल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, कळलेलं असतं. कोड फक्त कुठल्या गल्लीत शिरायचं ते सांगतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं.

आधी जोडणीचं बघू, कारण निम्मा त्रास तिथेच होतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ४ आणि ५ ला अर्थ, ६ आणि १४ ला कॅनच्या, म्हणजे गाडीतले कंप्युटर ज्यावर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरी असतात. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर स्कॅनर परत करायच्या आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो, आणि टायरात हवा भरायचा पंप लावून तो उडवलेला असतो. दिवा लागतो पण ‘गाडीशी संपर्क नाही’ असं येतं, तेव्हा चावी खरंच ऑन आहे ना ते बघा. असेल तर बॅटरीची वायर काढून मल्टीमीटरने ६ आणि १४ मधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर लाइन ठीक. १२० आला तर एका बाजूचा रेझिस्टर किंवा वायर तुटलीय. शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. सॉकेट आणि कॅनच्या मध्ये गेटवे (मधला कंप्युटर) असलेल्या काही गाड्यांत हा आकडा वेगळा येतो. तिथे वायरिंग डायग्रामशिवाय निष्कर्ष काढू नका.

जोडल्यावर पहिली नजर व्होल्टेजवर. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाड्यांत मधूनमधून आकडा खाली जातो, तो दोष नव्हे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर बाकी कोड वाचण्यात वेळ घालवू नका. उतरलेल्या बॅटरीवर एबीएस, पॉवर स्टिअरिंग, बॉडी कंट्रोल असे सगळे जण एकमेकांशी संपर्क तुटल्याचे यू-कोड टाकतात. यादी वीस ओळींची होते आणि कारण एकच असतं.

कोड तीन प्रकारचे दिसतात आणि फरक कामाचा आहे. पेंडिंग म्हणजे दोष एकदा दिसला, खात्री अजून नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसतो. पुढच्या फेरीत पुन्हा दिसला की तो कन्फर्म होतो आणि दिवा लागतो. पर्मनंट कोड स्कॅनरने पुसताच येत नाही, दुरुस्तीनंतर ईसीयूने स्वतः चाचणी पास केली की तो आपोआप जातो. म्हणजे दिवा बंद असला तरी पेंडिंगची पानं उघडून बघायची.

मग फ्रीझ फ्रेम. स्कॅनरचं सगळ्यात दुर्लक्षित पान हेच. दोष नोंदवला त्या क्षणी इंजिन काय करत होतं ते त्यात असतं. समजा पी०३००, म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसफायर (मिश्रण नीट न पेटणं). फ्रेममध्ये आरपीएम ७२०, कुलंट ३४ अंश, वेग शून्य असेल तर गाडी सकाळी थंड उठताना मिसिंग खातेय: टपकणारा इंजेक्टर, हवेची गळती, क्वचित सिलिंडरमध्ये झिरपणारं कुलंट. तोच कोड ३४०० आरपीएम आणि ८८ टक्के लोडवर आला असेल तर चढावर कॉइल किंवा प्लग दम सोडतोय. कोड एकच, पण तपास पूर्ण वेगळा. कोड पुसले की हे पानही जातं. म्हणून आधी फोटो, मग इरेज.

एका सिलिंडरचा मिसफायर असेल, समजा पी०३०३, तर तीन नंबरची कॉइल एकवर आणि एकची तीनवर लावा. कोड पुसून गाडी चालवा. पी०३०१ आला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. एकही पार्ट विकत न घेता एवढं होतं. मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर असे प्रयोग लांबवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतं आणि तो आतून वितळतो.

लाइव्ह डेटात सर्वात जास्त उपयोग फ्युएल ट्रिमचा झाला. हिशोबाप्रमाणे जेवढं पेट्रोल द्यायचं त्यात ईसीयू किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म सावकाश शिकतो. दोघांची बेरीज बघायची. अधिक-उणे १० च्या आत असेल तर डोकं शांत ठेवा. पी०१७१ असलेल्या गाडीत ती साधारण २५ च्या आसपास सापडते.

आता इंजिन गरम करून आयडलला बेरीज लिहा, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून पुन्हा लिहा. आयडलला २२ आणि २५०० वर ५ असेल तर एअरफ्लो सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) पुढे कुठेतरी बिनमोजलेली हवा आत शिरतेय: इनटेक गॅस्केट, फाटलेला व्हॅक्यूम पाइप, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी. आयडलला हवाच थोडी लागते, त्यामुळे तेवढ्याच भोकाचा वाटा तिथे मोठा पडतो. याच्या उलट, आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम चढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअरफ्लो सेन्सर मळलाय. या दोघांतला फरक लोडच्या आकड्यात दिसतो. मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल दिल्यावर टर्बो नसलेल्या इंजिनात लोड ८५-९० च्या पुढे जायला हवा. तो ६० लाच अडकला तर सेन्सर हवा कमी मोजतोय. लोड नीट आणि तरीही पुढचा (कन्व्हर्टरच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर ०.१ व्होल्टवर, म्हणजे पातळवर, पडून राहतोय, तर फिल्टर किंवा पंप. मळलेला सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरनेच धुवा. कार्बोरेटर क्लीनर किंवा बोट आतल्या बारीक तारेला लावलंत तर नवाच आणावा लागेल.

एक अट मात्र आहे. एअरफ्लो सेन्सर नसलेल्या, मॅनिफोल्डच्या दाबावर चालणाऱ्या इंजिनात गळतीने ट्रिम फारशी हलतच नाही. तिथे आयडल वर चढतो, आणि नेहमी ३० ते ४० किलोपास्कल दिसणारा दाब वाढलेला दिसतो. हे माहीत नसलं की माणूस ट्रिम शून्याजवळ बघून गळती नाही असं ठरवतो आणि दिवसभर भलतीकडे शोधत बसतो.

तापमानाच्या सेन्सरची परीक्षा स्कॅनर आणि वायरचा तुकडा एवढ्यावर होते. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन केली की कुलंट आणि इनटेकच्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. कुलंट उणे ४० दाखवत असेल (जोडीला बहुधा पी०११८) तर ते सर्किट उघडं पडल्याचं लक्षण आहे. सेन्सरचा कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन पिना वायरीने जोडा. आकडा एकदम १३० च्या वर उडाला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर खराब. उणे ४० वरच राहिला तर वायर किंवा पिन तुटलीय. हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरलाच करा. ५ व्होल्टची सप्लाय असलेल्या तीन वायरींच्या सेन्सरला असं जोडलंत तर नवा दोष तयार होईल. काही ईसीयू दोष पकडल्यावर खऱ्याऐवजी स्वतःचाच ठरलेला आकडा दाखवतात, म्हणून कोड पुसून लगेच बघा.

पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) वर लगेच कन्व्हर्टर बदलू नका. गरम इंजिन २५०० वर धरून मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास संथ असेल तर कन्व्हर्टर काम करतोय. पुढच्या सेन्सरसारखाच ०.१ ते ०.९ नाचत असेल तर कन्व्हर्टर दमलाय. पण त्याआधी सायलेन्सरच्या सांध्यात गळती नाही ना ते तपासा, कारण बाहेरची हवा आत ओढली गेली की मागचा सेन्सर फसतो. पुढे वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सर असेल तर त्याचा आलेख मुळातच नाचत नाही, तिथे ही तुलना लागू नाही.

डिझेलला दोन्ही वस्तू उघड्या पडतात. रेल प्रेशर वाचतात, तेवढं पी००८७ (रेलमधलं प्रेशर कमी) साठी कामाचं आहे: मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर एकाच आलेखात लावलं की लोडवर दरी दिसते. पण डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी किती साठली, इंजेक्टरचं करेक्शन किती, हे कंपनीच्या खास डेटात असतं. डोंगल तिथे पोचतच नाही, आणि वायरचा स्कॅनरही मॉडेल बरोबर निवडलं तरच पोचतो. मॉडेल चुकीचं निवडलं तर पी१ ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ सरळ दुसऱ्याच गाडीचा दाखवतो, तोही पूर्ण आत्मविश्वासाने.

डोंगलची मुख्य तक्रार वेगाची. नकली चिपचे डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे आणतात. पाच-सहा गोष्टी एकदम लावल्या की ऑक्सिजन सेन्सरचा आलेख पायऱ्यांसारखा दिसतो. एका वेळी दोनच आकडे लावले तर चालवून घेता येतं. काही नकली डोंगल जुन्या, कॅनच्या आधीच्या के-लाइनवर बोलणाऱ्या गाड्यांशी बोलतच नाहीत. एबीएस आणि एअरबॅग तर विसराच.

वायरच्या स्कॅनरचे जास्तीचे पैसे वसूल होतात ते ॲक्टिव्ह टेस्टमध्ये. रेडिएटरचा पंखा फिरत नाही, तर पडद्यावरून पंख्याला हुकूम द्या. फिरला तर मोटर, रिले, फ्यूज सगळं सुटलं. तापमानाचा आकडा तपासा. नाही फिरला तर उलट. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत मागचे पॅड बदलायचे तर सर्व्हिस मोड लावूनच पिस्टन मागे घ्या. जोर लावून दाबलात तर आतली यंत्रणा तुटते. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडल चढलेला राहिला तर अ‍ॅडॅप्टेशन (ईसीयूला थ्रॉटलची जागा नव्याने शिकवणं) चालवा. ते ‘फेल’ आलं तर एसी बंद आहे का, इंजिन गरम आहे का आणि व्होल्टेज पुरेसं आहे का, एवढं बघून पुन्हा करा. या स्कॅनरची खोट म्हणाल तर उन्हात पडदा अजिबात दिसत नाही, आणि आलेखावर चारच ओळी मावतात.

प्रदूषण चाचणीच्या आदल्या दिवशी कोड पुसायची युक्ती करू नका. पुसताच ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ होतात, आणि रेडिनेस बघणाऱ्या ठिकाणी ते लगेच दिसतं. शिकलेली ट्रिमही जाते, म्हणून गाडी दोन दिवस थोडी अडखळते. कन्व्हर्टर आणि टाकीच्या वाफेच्या चाचण्या सर्वात उशिरा पूर्ण होतात. वाफेची चाचणी टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर सुरूच होत नाही.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. १६ नंबरची पिन चावी बंद असतानाही जिवंत असते. दोन-तीन आठवडे न हललेल्या गाडीची बॅटरी डोंगल खाऊन टाकतो, आणि बऱ्याच डोंगलचा ब्लूटूथ पासकोड १२३४ च असल्यामुळे शेजारी उभा कोणीही त्याच्याशी जोडू शकतो.