पल्सरला 140 चा टायर: माझे 7,970 रुपये कसे गेले

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. शंभर मायक्रॉनचा फरक निघाला तरी लॉट परत पाठवतो. आणि स्वतःच्या गाडीला 40 मिलिमीटर जास्तीचा टायर बसवून घेऊन हसत हसत घरी आलो. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

जून 2024. पल्सर 150 चा मागचा टायर गुळगुळीत झालेला, पाऊस तोंडावर. जुन्या टायरवर स्वच्छ लिहिलं होतं, 100/90-17. यातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुकानदार म्हणाला, "दादा, ही साइज आता कोण टाकतं? 140/70-17 घ्या, रस्त्याला चिकटून चालेल." पुढचं तुम्हाला माहीतच आहे: "शेवटचा पीस", "तुमच्यासाठी म्हणून". टायर 4,200, ट्यूब 480, लेबर-बॅलन्सिंग 350. "वरचे तीस राहू द्या." पाच हजार गूगल पे केले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान.

ट्यूब का? हवा धरेना म्हणून. ट्यूबलेस टायर, ट्यूबलेस रिम, मग हवा का धरत नाही, हा प्रश्न मला पडायला नको होता? त्याहून वाईट पुढेच. टायर चेनकव्हरला घासायला लागला, तर पोऱ्यानं हातोडी घेतली आणि कव्हर ठोकून ठोकून बाहेर काढलं. ठण, ठण, ठण. मी शेजारी उभा राहून कटिंग पीत होतो. नवीन वस्तू बसावी म्हणून गाडी ठोकावी लागतेय, आणि मी चहात साखर कमी आहे म्हणतोय! बरं, बाहेर ढग भरून आलेले, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. कुणीही घाई केली असती.

आठवड्यानं कात्रजच्या जुन्या घाटात गाडी वळणात झुकेचना. हँडल दाबलं की आधी अडायची, मग एकदम पडल्यासारखी आत जायची. मागे भाऊ बसलेला. ओल्या वळणावर मागचं चाक हातभर सरकलं, समोरून एसटी. वाचलो.

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकमामांनी बघताक्षणी कपाळाला हात लावला. 140/70 ला निदान साडेतीन इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर टायर चिमटतो, मधोमध फुगतो आणि रस्त्याला टेकतो फक्त मधला पट्टा. म्हणजे पैसे रुंदीचे दिले आणि पकड उलट कमीच मिळाली. मग मामांनी चेनच्या बाजूनं टॉर्च मारला. तारखेचा शिक्का तिकडेच लपवलेला: 1119. म्हणजे 2019 चा अकरावा आठवडा. पाच वर्षं पडून असलेला माल! हे चार आकडे टायर रिमवर चढायच्या आधी वाचा, नंतर नाही.

दुकानदार म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही." चौकीत साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग फसवणूक कसली?" अर्ज घेतला नाही, पोच तर लांबच. टायर कंपनीला पक्कं बिल हवं. ग्राहक हेल्पलाइननं तक्रार क्रमांक दिला आणि एकोणीस दिवसांनी "आस्थापनेशी संपर्क होऊ शकला नाही" म्हणून फाइल बंद. अहो, दुकान रोज सकाळी दहाला उघडतं, मी रोज बघतो! ग्राहक आयोगात जा म्हणतात. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही हे खरं, पण प्रत्येक तारखेला माझी रजा जाणार, ती कोण भरून देणार? जीएसटीचं बिल मागा, दुकानाच्याच नावावर पैसे टाका. दुकानदार नाही म्हणाला तर गाडी ढकलत घरी आणा.

मामांकडे 100/90-17 बसवला, 2,350. फिटिंग 200, नवीन चेनकव्हर 420. आधीचे पाच हजार धरून 7,970. जुना टायरही त्या दुकानदाराकडेच राहिला, त्याचे दीडशे तरी आले असते.

गेल्या रविवारी तिथून जाताना पुन्हा हातोडीचा आवाज आला. कॉलेजचा पोरगा, तीच गाडी, तोच टायर. थांबून सगळं सांगितलं, शिक्का दाखवला. तो म्हणाला, "काका, पण लुक बघा ना."