कोणताही प्रतिनिधी की ठरलेला प्रतिनिधी?

परिमेय संख्या, मापांकी अंकगणित (एका ठराविक संख्येने, म्हणजे मापांकाने, भागून उरणाऱ्या बाकीचे गणित) किंवा तुल्यता वर्गांवर उभी असलेली अशीच एखादी रचना शिकवायला घेतली, की तिच्यावरचे पहिलेच फलन लिहिताना शिक्षकाला एक निवड करावी लागते, आणि बहुतेक वेळा ती नकळत होऊन जाते. अडचण ओळखीचीच आहे. १/२, २/४ आणि ५/१० ही एकाच संख्येची तीन नावे आहेत. अशा समान नावांचा समूह म्हणजे तुल्यता वर्ग, आणि त्यातले कोणतेही नाव हा त्याचा प्रतिनिधी. फलन हवे असते त्या संख्येवर, पण सूत्र लिहिताना हाताशी असतात ते नावातले अंश आणि छेद. ‘अ/ब साठी अ + ब हे उत्तर घ्यावे’ असे लिहिले तर १/२ साठी ३ येतात आणि २/४ साठी ६, म्हणजे एका संख्येला एकच उत्तर देणारे फलन तयारच होत नाही.

यातून सुटण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात वर्गातला कोणताही प्रतिनिधी घेऊन सूत्र लिहायचे आणि प्रतिनिधी बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे सिद्ध करायचे. दुसऱ्यात प्रत्येक वर्गातून एक प्रतिनिधी कायमचा नेमून टाकायचा, म्हणजे अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप किंवा भागाकारातली बाकी घ्यायची, आणि सूत्र फक्त त्याच्यासाठी लिहायचे, म्हणजे संदिग्धतेला जागाच उरत नाही. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असताना पहिली दोन वर्षे माझी टिपणे दुसऱ्या मार्गाची होती. त्यानंतर मी पहिल्याकडे वळलो. ज्यांना आपली टिपणे आता लिहायची आहेत त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो आहे. प्रत्येकाचे विद्यार्थी वेगळे असतात, त्यामुळे माझा कल सर्वांना लागू पडेलच असे नाही.

ठरलेल्या प्रतिनिधीची बाजू दुबळी मुळीच नाही. पायथॉन या संगणक भाषेत अपूर्णांक तयार करताना २/४ दिले तर आत १/२ साठवले जाते आणि छेद उणे दिला तर उणे चिन्ह अंशाकडे जाते. दोन संख्या समान आहेत का, हे मग नुसते अंश आणि छेद ताडून ठरते. सिद्धता तपासणाऱ्या लीन या भाषेतही परिमेय संख्या म्हणजे अंश, छेद, छेद शून्य नसल्याची सिद्धता आणि दोघे सहमूळ असल्याची (१ शिवाय सामाईक विभाजक नसल्याची) सिद्धता असा संच आहे. काही फलने तर या मार्गानेच सहज लिहिता येतात. गणिती थोमे यांचे १८७५ चे प्रसिद्ध फलन अपरिमेय संख्यांवर शून्य असते आणि परिमेय संख्येवर १/छेद. ते प्रत्येक अपरिमेय बिंदूपाशी संतत आणि प्रत्येक परिमेय बिंदूपाशी असंतत आहे. तिथे छेद म्हणजे अतिसंक्षिप्त रूपातला छेद असे म्हटले नाही, तर वाक्याला काही अर्थच राहत नाही.

आपले पंचांगही याच मार्गाने चालते. चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी सरते, त्यामुळे एका वारात बहुधा दोन तिथींचे तुकडे येतात आणि ‘आजची तिथी’ हे शब्द जसेच्या तसे घेतले तर संदिग्ध ठरतात. सूर्योदयाची तिथी ती त्या दिवसाची तिथी, असा नेम केला की प्रत्येक दिवसाला एकच तिथी मिळते. उलट दिशेने मात्र फलन मिळत नाही, कारण क्षय तिथीला सूर्योदयच लाभत नाही आणि वृद्धी तिथीला दोन लाभतात. शिवाय नेम कामागणिक बदलतो: गणेश चतुर्थीला मध्याह्नीची तिथी पाहतात, आणि सूर्योदय स्थानावर अवलंबून असल्यामुळे पुण्यातले पंचांग न्यू जर्सीत जसेच्या तसे चालत नाही.

नेमाविषयीचे असेच मतभेद खुद्द गणितातही आहेत, आणि माझी पहिली कुरकुर तिथे सुरू झाली. उणे ७ ला ३ ने भागल्यावर बाकी किती, असे विचारले तर पायथॉन २ सांगते आणि सी ही संगणक भाषा उणे १ सांगते. सी भाषेच्या १९९९ च्या मानकाआधी तर उणे संख्यांच्या बाबतीत हे कंपाइलरवर सोडलेले होते. दोन्ही उत्तरे एकाच वर्गातली आहेत (त्यांच्यातला फरक ३ ने भागला जातो), त्यामुळे कोणताही प्रतिनिधी चालवून घेणाऱ्याला यात वाद दिसतच नाही. दुसरी कुरकुर साहचर्य गुणधर्माची, म्हणजे (अ + ब) + क आणि अ + (ब + क) समान असण्याची. बेरीज करून बाकी घ्यायची, अशी व्याख्या केली की तीन संख्यांच्या बेरजेत अ + ब मापांकाच्या आत राहते की बाहेर जाते, ब + क चे काय होते, अशा शक्यता वेगवेगळ्या तपासाव्या लागतात आणि फळा भरून जातो. पहिल्या मार्गाने हाच गुणधर्म पूर्णांकांकडून एका ओळीत मिळतो. तरीही एवढ्यासाठी मी टिपणे बदलली नसती, कारण फळा पुसता येतो.

निर्णय झाला तो घातांकांच्या एका स्वाध्यायामुळे. मापांक ३ साठी बेरीज आणि गुणाकार झाल्यावर मी त्याच ओघात लिहून टाकले होते की घातांकही ०, १, २ यांतून घ्यावा, २ चा तो घात काढावा आणि बाकी लिहावी. उत्तरे अनुक्रमे १, २, १ अशी येतात, प्रत्येक घातांकाला एक आणि एकच उत्तर मिळते, आणि व्याख्येत काही संदिग्ध आहे असे कोणालाही म्हणता येत नाही. दोन पानांनंतर स्वाध्याय होता: घातांकांची बेरीज केली की घातांचा गुणाकार होतो, हे पडताळून पाहा. एका विद्यार्थिनीने १ आणि २ हे घातांक घेतले. त्यांची बेरीज ३, म्हणजे बाकी शून्य, म्हणून डावी बाजू १. उजवीकडे मात्र २ गुणिले १, म्हणजे २. तिला वाटले आपले चुकले, मला वाटले छपाईत चुकले, आणि मी ती संध्याकाळ मागची पाने उलटून चूक शोधण्यात घालवली. गुणाकार बरोबर होता, बेरीज बरोबर होती आणि व्याख्याही काटेकोर होती.

काय झाले होते, हे पहिल्या मार्गाने लिहिले की लगेच दिसते. मापांक ३ ने पाहता ० आणि ३ एकाच वर्गातले आहेत, पण २ चा शून्यावा घात १ आणि तिसरा घात ८, म्हणजे बाकी २. प्रतिनिधी बदलला आणि उत्तर बदलले, तेव्हा असे फलन वर्गांवर नाहीच, आणि हे व्याख्येच्या दारातच कळते. (घातांक मापांक २ ने मोजला असता तर सर्व सुरळीत झाले असते, २ चे घात मापांक ३ मध्ये दर दोन पावलांनी परततात.) ठरलेल्या प्रतिनिधीने उत्तर एकच राहील एवढी हमी दिली होती, पण ते उत्तर वर्गांच्या बेरजेशी जुळेल ही हमी कोणीच दिली नव्हती, आणि ती न दिल्याचे सांगायलाही कोणी नव्हते.

अपूर्णांकांतही हेच घडते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची शाळकरी चूक घ्या: १/२ आणि १/३ यांची ‘बेरीज’ २/५. केवळ अतिसंक्षिप्त रूपे चालवायची, असा नियम असेल तर ही क्रिया पूर्णपणे निःसंदिग्ध आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलायला व्याख्येच्या पातळीवर मुद्दा सापडत नाही. कोणतेही रूप चालते असे मानले, तर २/४ आणि १/३ घेताच ३/७ येतात आणि चूक स्वतःहून उघडी पडते.

पहिल्या मार्गाचे दोषही सांगायला हवेत. ‘समजा अ/ब आणि प/फ समान आहेत’ अशी सुरुवात करणारी पडताळणी कंटाळवाणी असते, आणि विद्यार्थी ती मंत्रासारखी पाठ करतात. परीक्षेतले गुण बहुधा या पडताळणीला नसून पुढच्या प्रमेयाला असतात, त्यामुळे ती गाळण्याचा मोह शिक्षकालाही होतो. माझ्यापुरता तोडगा असा, की एका वेळी एकाच संख्येचा प्रतिनिधी बदलावा. काम निम्म्यावर येते आणि डोळ्यांसमोर काय चालले आहे ते दिसते. सुरुवातीला नऊ टाकून ताळा पाहण्याची जुनी रीत घेतली तर विद्यार्थी खुलतात: ४७ गुणिले ३८ म्हणजे १७८६, ४७ चे अंक मिळवून ११ आणि मग २, ३८ चेही ११ आणि २, त्यांचा गुणाकार ४, आणि १७८६ चे २२, म्हणजे ४. मापांक ९ मध्ये गुणाकार प्रतिनिधीवर अवलंबून नाही, एवढ्यावरच तो ताळा उभा आहे, आणि गणिती गाउस यांनी १८०१ मध्ये एकरूपतेचे (एकाच वर्गात असण्याचे) चिन्ह रूढ करताना हीच गोष्ट सुरुवातीच्या कलमांत सिद्ध केली आहे.

पुढच्या अभ्यासक्रमाचा विचार केला तर माझे पारडे आणखी झुकते. गणिती कँटर यांच्या १८७२ च्या रीतीने वास्तव संख्या परिमेय संख्यांच्या कोशी क्रमिकांच्या (ज्यांची पदे पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात अशा क्रमिकांच्या) वर्गांतून घडवताना नेमण्याजोगा सोयीचा प्रतिनिधी हाती लागत नाही. दशांश रूप घ्यावे तर ०.९९९… आणि १ यांपैकी एक नाकारावे लागते आणि हातच्यांचा गुंता होतो तो वेगळाच. बीजगणितातल्या भागफल गटात, म्हणजे उपगटाच्या सहवर्गांवर उभ्या केलेल्या गटात, तर ही पडताळणीच प्रमेय होऊन बसते: सहवर्गांचा गुणाकार प्रतिनिधीवर अवलंबून नसणे आणि उपगट प्रसामान्य असणे (त्याचे डावे आणि उजवे सहवर्ग तेच असणे), ही एकच गोष्ट आहे. ज्याने पडताळणी कधी केलीच नाही, त्याला प्रसामान्य उपगटाची अट आकाशातून पडल्यासारखी वाटते, असे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

तेव्हा प्रोग्राम लिहायचा असेल, समानता झटपट तपासायची असेल किंवा थोमे यांच्यासारखे फलन हवे असेल, तर ठरलेला प्रतिनिधी घ्यावा. मीही तेच करतो. केवळ आकडेमोड शिकवायची असेल तरी त्याने भागेल. पण ऐकणारे पुढे बीजगणित शिकणार असतील, तर कोणत्याही प्रतिनिधीपासून सुरुवात करून अतिसंक्षिप्त रूप आणि बाकी या सोयी पडताळणीनंतर आणणे मला अधिक बरे वाटते. माझ्या सध्याच्या टिपणांत घातांकांचा तो स्वाध्याय काढलेला नाही; तो आता व्याख्येच्या लगेच खाली आहे आणि प्रश्न एवढाच आहे, की हे फलन आहे का.