कूपन लागलं, मग निघालं: किराण्यावरच्या सवलतींचा काही महिन्यांचा अनुभव

दुकानाचं ॲप, सदस्य कार्ड, बँकेच्या कार्डावरची सूट, शेल्फवरच्या ऑफर, असं सगळं गेले काही महिने नेटाने वापरतोय. ॲप कसं घ्यायचं, कोड कुठे टाकायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही. लिहायला बसलो ते परवाच्या प्रकारामुळे.

हिशेबापुरते सोपे आकडे घेतो. कूपनची अट किमान १००० च्या खरेदीची, सूट १५० ची. मी १०४० चं सामान भरलं, कूपन लागलं, देय रक्कम ८९०. सामान काढताना ६० ची एक वस्तू दुकानात संपलेली निघाली. ती त्यांनी परस्पर वगळली. खरेदी आली ९८० वर, म्हणजे अटीच्या खाली, म्हणून कूपनही काढून टाकलं. सामान एक नग कमी आणि बिल ९० ने जास्त! माल त्यांच्याकडे नाही, भुर्दंड मला.

ग्राहक सेवेत आधी यंत्राशी चॅट, मग माणसाशी. “सर, सिस्टीममध्ये ऑर्डर अटीपेक्षा कमी दिसतेय.” कमी कोणी केली हे सिस्टीमला दिसत नाही का, असं विचारल्यावर “तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.” बराच वाद घातल्यावर भरपाई आली. काय, तर आणखी एक कूपन. किमान खरेदी १५०० ची.

रक्कम किरकोळ आहे हे मलाही कळतं. पण या ‘किमान खरेदी’ने माझं डोकं उठवलंय. यादी ८०० ची असते आणि आपण उरलेल्या २०० चं काहीतरी शोधत बसतो. १५० वाचवायला २०० जास्तीचे. नको असलेली वस्तू घेतली तर हे सरळ ५० चं नुकसान आहे. त्यात वरचा अनुभव आल्यावर एखादी वस्तू गळेल म्हणून अटीच्या बरंच वर भरावं लागतं, म्हणजे दुकानाला हवं तेच. ‘वस्तू नसल्यास पर्याय चालेल’ हा खटका चालू ठेवला की थोडा बचाव होतो, पण पर्याय कुठला येईल ते त्यांच्या मर्जीवर. त्यापेक्षा अट असलेलं कूपन दुकानात स्वतः जाऊन काउंटरवर वापरणं बरं. निदान जे हातात आहे तेच बिलात येतं.

बाकीच्या ऑफरचा हिशेब झटपट सांगतो. ‘दुसऱ्या नगावर ५० टक्के’ म्हणजे दोन्ही मिळून २५ टक्के. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे ३३. ‘२० टक्के, वर आणखी १०’ म्हणजे ३० नव्हे, २८. आणि ‘कमाल सूट’ची ओळ बारीक अक्षरात असते, ती आधी वाचा.

पॉइंट्सना मी सुरुवातीला सर्वांत वर ठेवलं होतं. आता शेवटी. साठतात रडतखडत आणि मुदत संपली की चुपचाप उडतात.

उलट शेल्फच्या पट्टीवरचा प्रति किलो किंवा प्रति लिटर भाव, ज्याची जाहिरात कोणी करत नाही, तो सगळ्या कूपनांना पुरून उरला. मोठा पॅक नेहमी स्वस्त असतो ही समजूत तिथे गळून पडते. किंमत तीच ठेवून १००० ग्रॅमचे ९०० केले की भाव ११ टक्क्यांनी वाढलेला असतो, तोही तिथेच पकडता येतो. युरोपीय संघाने हा एकक भाव दाखवणं १९९८ च्या निर्देशानेच बंधनकारक केलं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक चांगली भर पडली: सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगायची. आधी फुगवा, मग कापा, या खेळाला त्याने चाप बसतो.

संध्याकाळी मुदत जवळ आलेल्या मालावर लागणाऱ्या सवलतीच्या चिकट्यांकडे मी आधी नाक मुरडायचो. आता सर्वांत खरी बचत तीच वाटते: ना कोड, ना अट. एवढंच बघायचं की पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ आहे की ‘यूज बाय’. पहिली तारीख दर्जाची, नीट साठवलेला माल ती उलटल्यावरही बहुधा चालतो. दुसरी सुरक्षिततेची, तिथे काटकसर नको.

ते १५०० चं कूपन ॲपमध्ये अजून पडून आहे. रोज आठवण येते, ‘वापरायला विसरू नका’. ॲपच्या सूचना आजच बंद केल्यात.