नाशिकला आधी काय हवं: मेट्रो निओ की भरपूर बस?

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. उंच मार्गावरून धावणारी, रबरी टायरची, विजेच्या तारांवर चालणारी गाडी. दोन मार्गिका मिळून सुमारे ३३ किलोमीटर. गंगापूर ते नाशिकरोड हा पट्टा तिला शोभतो. द्वारका चौकातल्या कोंडीवरून ती सरळ निघून जाईल, हा तिचा खरा फायदा. पण खांब एकदा उभे राहिले की मार्ग हलत नाही.

त्याच वर्षी जुलैत महापालिकेची सिटीलिंक ही शहर बससेवा सुरू झाली. बसचा मार्ग वस्तीमागे वळवता येतो, आणि नाशिकची वस्ती तर पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ अशी चहूकडे पसरते आहे. सातपूर-अंबडच्या कामगाराला रात्रपाळी सुटल्यावर घराजवळ उतरवणारी गाडी हवी असते. ती बसच देऊ शकते. अडचण एकच: बसही दुचाकी-रिक्षांच्या गर्दीतच अडकते. मोठ्या रस्त्यांवर तिला वेगळी मार्गिका द्यायलाच हवी, मग पार्किंगवाले कितीही रागावोत.

माझं मत बसच्या बाजूने. निओ झाली तरी स्थानकापर्यंत माणसं आणायला बस लागणारच.