एकाच सिलिंडरचं मिसिंग आणि ३०,७०० रुपयांचं बिल

बिलावर आठ ओळी आहेत. चार इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या) ८,८००, चार इरिडियम प्लग ३,०००, इंजेक्टर क्लीनिंग २,४००, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,२००, डीकार्बनायझिंग (काजळी काढणं) ३,५००, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रीप्रोग्रामिंग ६,५००, स्कॅनिंग ८००, मजुरी ४,५००. एकूण ३०,७००. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, पार्ट नंबर नाहीत, तारीख हाताने लिहिलेली.

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी कंपनीतूनच बसवलेला. मालकाची तक्रार सरळ होती. उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरतं, चढाला गाडी झटके मारते आणि त्या वेळी चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पैसे भरल्यावर आठ दिवस गाडी छान चालली. नवव्या दिवशी त्याच चढाला, त्याच सिलिंडरवर पुन्हा मिसिंग, म्हणजे इंधन नीट न पेटणं, सुरू झालं. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: "आता हेड उघडावं लागेल, अठरा-वीस हजार धरा."

हेड, म्हणजे सिलिंडरवरचा वाल्व्हचा भाग, उघडायची काही गरज नव्हती. तीन नंबरच्या प्लगच्या विहिरीत, म्हणजे ज्या खोल भोकात प्लग आणि कॉइल बसते त्यात, बोटभर ऑइल साचलं होतं. टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगसोबत प्रत्येक प्लगच्या विहिरीभोवती एक रबरी सील असतं. ते कडक होऊन चिरलं होतं. खर्च होता पॅकिंगचा सेट, एक प्लग, कॉइलची रबरी टोपी आणि दोन-अडीच तासांची मजुरी. ३०,७०० च्या बिलात नेमकी हीच ओळ नव्हती.

ही फसवणूक कुठून सुरू होते ते नीट समजून घ्या, कारण पद्धत जवळजवळ सगळीकडे तीच आहे. स्कॅनर लावतात, स्क्रीनवर पी०३०३ हा दोषाचा कोड दिसतो, स्क्रीन तुमच्याकडे वळवतात आणि म्हणतात, "बघा साहेब, मशीनच सांगतंय कॉइल गेली." मशीन तसं काहीच सांगत नाही. पी०३०३ चा अर्थ एवढाच की तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही. हे ईसीएमला कळतं ते क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) सेन्सरवरून. प्रत्येक सिलिंडरचा स्फोट झाला की क्रँकला किंचित वेग मिळतो, आणि ज्याच्या पाळीला तो मिळत नाही त्याच्या नावावर ईसीएम मिसिंग मोजत जातो. कारण ठिणगी असो, इंधन असो की कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) असो, कोड तोच येतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरचं सिलिंडर, आणि पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी स्थिर नाही. कॉइलच्या सर्किटचे कोड वेगळे असतात, पी०३५१ पासून पुढचे. इंजेक्टरच्या सर्किटचेही वेगळे, पी०२०१ पासून पुढचे. या गाडीत त्यांतला एकही कोड नव्हता. नुसता पी०३०३ असताना कोणी चार कॉइल किंवा ईसीएम म्हणत असेल, तर तो तपास न करता बोलतो आहे.

मग आठ दिवस गाडी चांगली का चालली? लोक फसतात ते नेमके इथेच. कॉइलचं टोक रबरी नळीसारखं असतं आणि ते प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर घट्ट बसतं. ऑइलने हे रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याची पकड सुटते. मग ठिणगीचा दाब (व्होल्टेज) प्लगच्या टोकापर्यंत न पोचता चिनीमातीच्या अंगावरून सरकत लोखंडाला लागतो. काही दिवसांनी तिथे पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते. नवी कॉइल घातली की रबर कोरं असतं, प्लगही कोरा असतो, म्हणून काही दिवस तो दाब धरतो. गळती तशीच असते. विहीर पुन्हा भरते आणि मिसिंग परत येतं. गॅरेजवाल्याला त्या आठ दिवसांत पैसे मिळालेले असतात आणि तुमचा विश्वासही बसलेला असतो.

प्रामाणिक मेकॅनिकसुद्धा इथे चुकू शकतो, म्हणून तपासाचा क्रम सांगतो. इंजिन थंड असताना कॉइलचा एक बोल्ट काढून कॉइल वर ओढा आणि विहिरीत टॉर्च मारा. ऑइल आहे का? पाणी आहे का? वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशरने पाणी मारलं की विहिरीत पाणी साचतं, आणि पावसाळ्यात मिसिंगच्या गाड्या वाढण्याचं ते एक मोठं कारण आहे. वायर उंदराने कुरतडली आहे का, कनेक्टरची कडी तुटली आहे का, हेही याच वेळी बघा. ऑइल दिसलं तर प्लग लगेच खोलू नका. आधी कापडाने किंवा सिरिंजने ते शोषून घ्या, हवा मारा, मग प्लग काढा. नाहीतर सगळं ऑइल आणि कचरा सिलिंडरमध्ये जातो.

त्यानंतर अदलाबदल. हिला एक पैसा लागत नाही. तीन नंबरची कॉइल एक नंबरवर टाका आणि एकची तीनवर. त्याच वेळी तीनचा प्लग चार नंबरवर आणि चारचा तीनवर. इंजेक्टर जागीच राहू द्या. कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत मिसिंग येत होतं त्याच परिस्थितीत गाडी चालवा. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी०३०४ झाला तर प्लगबरोबर. पी०३०३ च राहिला तर वायरिंग, इंजेक्टर किंवा कंप्रेशन. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. "आमच्याकडे असं करत नाहीत" म्हणणाऱ्याकडून गाडी उचला.

आता या गाडीत ही अदलाबदल केली असती तर दोष कॉइलबरोबर एक नंबरवर गेला असता, कारण रबर आधीच बिघडलेलं होतं. कॉइल बदला, असंच उत्तर आलं असतं. म्हणून टॉर्च आधी आणि अदलाबदल नंतर. कॉइल किंवा तिची टोपी खराब झाली हे खरंच होतं, पण ती का झाली याचं उत्तर विहिरीत होतं. प्लगच्या चिनीमातीवर काळी रेघ उमटलेली असेल तर तो प्लग पुसून परत घालू नका. रेघ पुसली गेल्यासारखी वाटते, पण ठिणगीला तो रस्ता सापडलेला असतो.

बिलातल्या बाकीच्या ओळींकडे वळतो, कारण त्या कुठल्याही गॅरेजच्या बिलावर सापडतील.

ईसीएम रीप्रोग्रामिंग, ६,५००. एकाच सिलिंडरच्या मिसिंगसाठी ईसीएमचा प्रोग्राम बदलायचं कारण नाही, कारण चारही सिलिंडर तोच प्रोग्राम चालवतो. ईसीएममधला एका कॉइलचा ड्रायव्हर जळू शकतो, पण त्याला प्रोग्रामिंग हा उपाय नाही, आणि तसं झालं तर सहसा कॉइलच्या सर्किटचा कोडही सोबत येतो. इथे केलं काय, तर कोड पुसले. हे काम स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरनेही एका मिनिटात होतं. तपासायची सोय तुमच्या हातात आहे. स्कॅनरच्या ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा एक आकडा असतो, तो गाडी परत घेताना बघा. कॅलिब्रेशन आयडी (ईसीएममधल्या सॉफ्टवेअरची ओळख) नावाचा दुसरा आकडा गाडी देण्याआधी फोटो काढून ठेवा. नवं सॉफ्टवेअर टाकलं म्हणतात आणि तो आयडी जसाच्या तसा असेल, तर टाकलेल्या सॉफ्टवेअरचा पुरावा मागा.

डीकार्बनायझिंग, ३,५००. या गाडीचे इंजेक्टर इनटेकच्या नळीत पेट्रोल फवारतात, त्यामुळे इनटेक वाल्व्ह पेट्रोलने धुतले जातात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत वाल्व्हवर काजळी जमते हे खरं आहे. पण फक्त तीन नंबरवर अचानक मिसिंग येण्याचं कारण म्हणून ती इथे विकणं खोटेपणाच आहे.

इंजेक्टर क्लीनिंग, २,४००. खरंच इंजेक्टर काढून मशीनवर धुतले असतील तर चारही इंजेक्टरनी ठरावीक वेळात किती मिलिलिटर पेट्रोल सोडलं याचे धुण्याआधीचे आणि नंतरचे आकडे असतात. ते मागा. ओ-रिंग नव्या घातल्या का ते विचारा. आकडे नसतील तर बहुतेक वेळा टाकीत एक बाटली ओतलेली असते. इंजेक्टरचा संशय असेल तर मल्टिमीटरने त्याच्या कॉइलचा रोध मोजता येतो. अशा पेट्रोल गाड्यांत तो साधारण ११ ते १६ ओहम येतो, आणि चारही जवळजवळ सारखे असावे लागतात. इग्निशन कॉइल मात्र अशी मोजता येत नाही. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तिथे मीटर लावून "बघा, रीडिंग येत नाही" म्हणणारा एकतर अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतो.

चार इरिडियम प्लग, ३,०००. काढून पाहिले तेव्हा ते साधे निकेलचे निघाले. ओळखणं सोपं आहे. निकेल प्लगचं मधलं टोक अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, इरिडियमचं सुईसारखं, अर्धा मिलिमीटर किंवा थोडं जास्त. डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. सीएनजीच्या गाडीत प्लगची हेळसांड अजिबात चालत नाही. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल आधी सीएनजीवर मिसिंग दाखवते आणि पेट्रोलवर गाडी ठीक वाटते. एवढ्यावरून "गॅसचा रिड्यूसर गेला" (गॅसचा दाब कमी करणारा भाग), "गॅसची इंजेक्टर रेल बदला" असं सांगून दहा-पंधरा हजार काढले जातात. आधी प्लगचा गॅप (दोन टोकांमधली फट) फीलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. ठिणगीची बाजू पक्की झाल्यावरही मिसिंग फक्त गॅसवर आणि पेट्रोलवर अजिबात नाही, तर मग गॅसचा फिल्टर, रिड्यूसर आणि रेल.

आणि "हेड उघडावं लागेल." हे वाक्य ऐकलं की कंप्रेशनचे आकडे मागायचे. चारही प्लग काढतात, इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढतात, बॅटरी पूर्ण चार्ज लागते, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा ठोके होईपर्यंत सेल्फ मारतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात १२ ते १४ किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास आकडा येतो, पण एकट्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर पिस्टनची रिंग, नाही आला तर वाल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. या गाडीचे आकडे १२.८, १३, १२.७ आणि १३ आले. अशा इंजिनाचं हेड उघडणं म्हणजे मालकाच्या खिशात हात घालणं.

दुरुस्ती करतानाही एक चूक नेहमी होते. जुन्या पॅकिंगवर सिलिकॉन फासून कव्हर परत बसवतात. पॅकिंग आणि विहिरींची सील पूर्ण नवी घाला. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हर आणि हेड मिळतात त्या कोपऱ्यांवर, तेही थेंबभर. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून कसतात. ते बारीक बोल्ट असतात, साधारण १० न्यूटन मीटर पुरतं, त्यावर जोर लावला की कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं. पीसीव्ही वाल्व्ह (इंजिनच्या आतले वायू बाहेर सोडणारा) हलवून बघा. तो चिकटला असेल तर इंजिनच्या आत दाब वाढतो आणि नवं सीलही लवकर ऑइल सोडतं. प्लग हाताने पूर्ण आत जाईपर्यंत पाना लावू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की खरोखर मोठा खर्च येतो.

दिवा स्थिर जळत असेल तर सावकाश चालवत गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. तो पार्ट या सगळ्या बिलापेक्षा महाग पडतो. "दिवा लुकलुकतोय, पण चालवा दोन दिवस, पार्ट येऊ द्या" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पैसे गेलेच असतील तर काढलेले जुने पार्ट मागा. या मालकाला जुन्या कॉइल मिळाल्या नाहीत, "भंगारवाला घेऊन गेला" असं सांगण्यात आलं. त्या चारपैकी निदान तीन चांगल्या असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्या दुसऱ्या कोणाच्या गाडीत नव्या म्हणून बसू शकतात. म्हणून गाडी देतानाच कागदावर लिहून घ्या की बदललेला प्रत्येक पार्ट परत मिळेल, आणि जुन्या कॉइलवर मार्करने १ ते ४ आकडे घाला. बिल पार्ट नंबरसह छापील घ्या. दुसऱ्या गॅरेजमध्ये दोष सापडला की विहिरीतल्या ऑइलचा, प्लगवरच्या काळ्या रेघेचा आणि कंप्रेशन गेजच्या प्रत्येक रीडिंगचा फोटो किलोमीटर दिसतील अशा डॅशबोर्डच्या फोटोसोबत ठेवा, आणि त्या मेकॅनिककडून दोन ओळी लेखी घ्या. आधी गॅरेजला लेखी पत्र, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

त्या गाडीत पॅकिंगचा सेट, एक प्लग आणि तीन नंबरच्या कॉइलची टोपी घातली. सीएनजीवर चढाच्या रस्त्याने चालवून स्कॅनरमध्ये चारही सिलिंडरची मिसिंगची मोजणी पाहिली. चारही ठिकाणी शून्य होतं. पुन्हा टॉर्च मारली तेव्हा विहिरी कोरड्या होत्या.